‘सगळं तुमच्याच हातात आहे’ हे वाक्य मी का सोडलं



आमच्या डहाणू-तलासरीकडे ‘कंट्रोल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दवाखान्यात तो साखरेला लागतो. “डॉक्टर, शुगर कंट्रोलमध्ये नाही.” दवाखान्याबाहेर कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलचे गहू. मी बरीच वर्षं पहिल्याच अर्थाने हा शब्द वापरत होतो. दुसरा अर्थ एका पेशंट बाईंनी मला समजावला, तोही एकाच प्रश्नात.

बाई पंचेचाळिशीच्या आसपासच्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायचं आणि पाऊस तोंडावर आला की गावी परतायचं, हा त्यांचा वर्षाचा क्रम. दर जूनमध्ये त्या येत आणि दर जूनमध्ये साखर वर गेलेली असे. तिसऱ्या वर्षी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ११ च्या पुढे आली. ती बहुतेकांची ७ च्या आसपास ठेवायचा आमचा प्रयत्न असतो. मी वैतागलो. म्हटलं, “मावशी, मी गोळ्या लिहून देणार. बाकी सगळं तुमच्याच हातात आहे.”

त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, “काय काय?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच यादी हवी होती. मी सांगू लागलो. भात कमी करा. पण घरात येणारं धान्य कंट्रोलचं, आणि त्यात तांदूळच जास्त. वेळेवर जेवा. भट्टीवर जेवणाची वेळ मुकादम ठरवतो. रोज चाला. दिवसभर डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईला हे सांगताना माझी मलाच लाज वाटली. दर महिन्याला तपासणीला या. एका खेपेला एक रोज बुडतो, शिवाय गाडीभाडं. मग उरल्या गोळ्या. “गोळ्या तरी रोज घ्या.” त्या म्हणाल्या, गोळ्या पहिल्या महिन्यातच संपल्या. त्यांना जिथून गोळ्या मिळत तिथे एका वेळी तीस दिवसांच्याच देत असत. भट्टीवर सहा-सात महिने.

आणि केसपेपरवर मागच्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: औषधं नीट घेत नाहीत.

हा लेख त्या ओळीबद्दल आहे. ती ओळ मी एकट्याने लिहिलेली नाही. तुमच्याही केसपेपरवर ती कुठेतरी असेल. ‘मनात आणलं तर काहीही शक्य आहे’ असे व्हॉट्सअॅपवर सकाळी सकाळी येणारे संदेश, शाळेत मुलांना मिळणारी व्याख्यानं, कारखान्यांतली ‘मोटिवेशन’ची सत्रं, सगळीकडे हीच ओळ वेगळ्या कपड्यांत भेटते. तुमचं उद्दिष्ट गाठता आलं नाही याचा अर्थ तुमची इच्छाशक्ती कमी पडली, असं हे सगळे आपल्याला सांगतात. एक डॉक्टर म्हणून मला हे चुकीचं वाटतं, आणि घातकही वाटतं.

यात खरं किती?

काहीच खरं नाही असं मी म्हणत नाही. आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे असं वाटणं आणि ठरवलेली गोष्ट तडीला जाणं, यांचा संबंध आहे. १९६६ मध्ये ज्युलियन रॉटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यासाठी एक प्रश्नावली छापली. जे घडतं ते माझ्या करण्याने घडतं असं मानणारे एका टोकाला, नशिबाने किंवा बड्या लोकांच्या मर्जीने घडतं असं मानणारे दुसऱ्या टोकाला. पुढच्या अनेक अभ्यासांत पहिल्या टोकाची माणसं अभ्यासात, नोकरीत, तब्येत सांभाळण्यात सरासरीने पुढे दिसली.

गडबड पुढच्या पायरीवर होते. यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की माणसाच्या डोक्यात ‘माझ्या हातात आहे’ हे भरा, मग तो आपोआप यशस्वी होईल. म्हणजे बैलापुढे गाडी. ज्याच्या हातात खरोखर काही असतं, त्याला तसं वाटतं. ज्याने दहा वेळा प्रयत्न केला आणि दहाही वेळा दुसऱ्याच कुणीतरी निकाल ठरवला, त्याला तसं वाटत नाही. हा दुसरा माणूस आळशीही नसतो आणि अडाणीही नसतो, त्याने अनुभवावरून बरोबर हिशोब मांडलेला असतो.

यावरचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग कुत्र्यांवरचा आहे. प्रयोग क्रूर होता, आज कुणी परवानगी देणार नाही. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, पण ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका. पहिल्या गटाने उड्या मारल्या. दुसऱ्या गटातले बरेच कुत्रे जागच्या जागी पडून राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ म्हटलं गेलं आणि ते नाव जगभर पसरलं.

मला महत्त्वाचे वाटतात ते यानंतरचे दोन भाग, जे फारसे कुणी सांगत नाही. पडून राहिलेल्या कुत्र्यांना पलीकडून हाका मारल्या, खाणं दाखवलं, तरी ते उठेनात. ते उठले ते गळ्यात पट्टा घालून त्यांना पुन्हा पुन्हा प्रत्यक्ष कुंपणापलीकडे नेलं तेव्हा. स्वतःच्या पायांनी पलीकडे गेल्यावर झटका थांबतो हे अंगाने कळलं, मग ते आपणहून जाऊ लागले. आणि तब्बल पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी लिहिलं की आमचं मूळ स्पष्टीकरण उलटं होतं. मेंदूच्या पुढच्या काळात झालेल्या अभ्यासावरून त्यांनी मांडलं की दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा. आपल्या कृतीने त्रास थांबतो असा अनुभव मिळाला की मेंदूचा पुढचा भाग ते टिपतो आणि आतली घबराट आवरतो.

थोडक्यात, हाका मारून भागत नाही. व्याख्यानं म्हणजे पलीकडून मारलेल्या हाकाच.

झरी, २३ मे १९४५

हे समजायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. तलासरी तालुक्यातलं झरी गाव पुरेसं आहे.

तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव तालुक्यात होता. इथल्या वारली कुटुंबांवर वेठ होती, म्हणजे जमीनदाराने बोलावलं की स्वतःचं शेत टाकून फुकट राबायला जायचं. ‘लग्नगडी’ हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी ऐकलेला असतो. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायकोने सावकाराकडे गडी म्हणून राबायचं, बहुतेकदा जन्मभर. यातला जुलूम डी. सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच आपल्या अहवालात लिहून ठेवला होता, आणि तो १९३९ मध्ये छापलाही होता. त्या काळी कुणी रॉटरची प्रश्नावली घेऊन या पाड्यांवर फिरला असता, तर जवळजवळ प्रत्येक उत्तर ‘माझ्या हातात काही नाही’ असंच आलं असतं. ते उत्तर खरंही ठरलं असतं. बाहेरून बघणारा मात्र म्हणाला असता, ही माणसं नशिबावर हवाला ठेवून बसतात. तसं म्हणणारे आजही भेटतात, अगदी डॉक्टरांच्या बैठकीतसुद्धा.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. इकडचे काही वारली तिथे गेले होते, त्यांत माह्या धांगडा होते. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले आणि २३ मेला झरीला सभा भरली. सुमारे पाच हजार माणसं जमली.

त्या सभेत काय ठरलं ते नीट बघा, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. आत्मविश्वास वाढवायचा असं ठरलं नाही. ठरलं ते असं: वेठ करायची नाही. रोज १२ आणे रोखीने मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम करायचं नाही. मारायला आले तर एकजुटीने सामोरं जायचं. प्रत्येक गोष्ट अशी, की उद्या सकाळी ती झाली की नाही हे लहान पोरालाही सांगता यावं. बोलावणं आलं, गेलो नाही. मजुरी मागितली, इतकी दिली. आणि एकट्याने करायचं त्यात काहीच नव्हतं. एका माणसाने वेठ नाकारली तर त्याला मार बसतो. पाच हजारांनी नाकारली तर जमीनदाराला विचार करावा लागतो. म्हणजे जी गोष्ट एकट्याच्या हातात नव्हती ती एकत्र आल्यावर हातात आली, आणि ‘आपल्याला जमतं’ ही भावना त्याच्या मागून आली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वेठ पुढच्या काही आठवड्यांत गावोगाव बंद पडत गेली.

हे फुकट झालं नाही. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. लोक मागे हटले नाहीत. गोदावरीबाईंनी यावर पुढे पुस्तक लिहिलं, ‘जेव्हा माणूस जागा होतो’, १९७० सालचं. तुमच्या जवळच्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा. मी ते वैद्यकीय पुस्तक म्हणून वाचतो असं म्हटल्यावर माझे मित्र हसतात.

दवाखान्यात हे कसं लागू पडतं

पेशंटच्या हातात खरी दोरी दिली तर आजाराचं उद्दिष्ट गाठता येतं का? यावर चांगला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आसपास बीपीच्या ५२७ पेशंटांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांवर नेहमीसारखे उपचार. उरलेल्यांना घरी बीपीचं यंत्र दिलं, वापरायला शिकवलं, आणि बीपी ठरलेल्या आकड्याच्या वर राहिलं तर औषध कसं वाढवायचं याची डॉक्टरांशी आधीच ठरवलेली योजना दिली. वर्षभराने नेहमीच्या गटाचं वरचं बीपी सरासरी १२.२ ने उतरलं होतं, यंत्रवाल्यांचं १७.६ ने. (ही योजना डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिली असेल तरच. हे वाचून उद्या स्वतःच गोळी वाढवू नका.)

आता मधुमेहाकडे या. व्याख्यानांत हमखास सांगतात की आहार आणि व्यायामाने मधुमेह टाळता येतो, मनाचा निश्चय हवा. ज्या अभ्यासाच्या जोरावर हे सांगतात तो अमेरिकेतला, २००२ चा. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये जीवनशैली बदलल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आकडा खरा आहे. पण त्या लोकांना नुसतं ‘निश्चय करा’ सांगून घरी पाठवलं नव्हतं. प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता, पहिल्या सहा महिन्यांत सोळा पाठ होते, अडचण आली की ती सोडवायला माणूस होता. तुम्हाला यातलं काय मिळालं? एक छापील कागद, ज्यावर सफरचंद आणि ब्रोकोली. घोलवड-बोर्डीच्या चिकूचं काय करायचं, नागलीची भाकरी किती चालेल, सुकट खावी का, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही.

आणि ताबा नसणं स्वतःच शरीराला बाधतं. ब्रिटनमधल्या दहा हजारांहून जास्त सरकारी नोकरांचा १९८५ पासून अभ्यास चालू आहे. त्यात खालच्या पदांवरच्या लोकांत हृदयविकार जास्त आढळला, आणि आपल्या कामावर आपलं काही चालत नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण दिसलं. उमरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत पाळी बदलून काम करणारे माझे पेशंट हे वाचून मान डोलावतील.

मग आमच्याने काहीच होणार नाही का?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. नाही, तसं मी अजिबात म्हणत नाही. “आमच्या घराण्यातच आहे, काय करणार” म्हणून बीपीची गोळी सोडणाऱ्यांशीही मी तितकाच भांडतो.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. आपल्या पट्ट्यात हा आजार आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. यात कुणाचा दोष नाही, देवाचा कोप नाही. ते रक्त बदलणं तुमच्या हातात नाही. पण भरपूर पाणी पिणं, थंडीत अंग झाकणं, ताप आला की त्याच दिवशी दाखवणं, हायड्रॉक्सियुरिया लिहून दिलं असेल तर ते चालू ठेवणं, लग्नाआधी तपासणी करून घेणं, हे आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा जमीन हलणं कुणी थांबवू शकत नव्हतं, पण कुठे झोपायचं हे ठरवता येत होतं, आणि लोक ऐन थंडीत उघड्यावर, तंबूंत झोपले. जे हातात होतं ते त्यांनी केलं. त्यांना कुणी ‘घाबरट’ म्हटलेलं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

म्हणून आता मी पेशंटबरोबर बसून त्या बाईंचाच प्रश्न सोडवतो: काय काय? तुम्हीही डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो विचारा. संकोच करू नका, ते तुमचं काम आहे आणि उत्तर देणं आमचं.

बोटीवर खलाशी म्हणून गुजरातला जाणार असाल, वेरावळ किंवा पोरबंदरला, तर निघायच्या आधी सांगा. किती महिन्यांची औषधं एकदम मिळतील ते विचारा. मिळत नसतील तर औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नव्हे, मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मूळ नाव असेल तर कुठल्याही राज्यात तीच गोळी मिळते. टीबीचे उपचार चालू असतील तर तुमचा निक्षय क्रमांक जपून ठेवा. त्या क्रमांकावर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही चालू ठेवता येतात. रात्रपाळी असेल तर “सकाळी एक, रात्री एक” यावर मान डोलावून घरी जाऊ नका. तुमची सकाळ कधी होते ते आम्हाला माहीत नसतं. ‘भात बंद’ असं कुणी सांगितलं तर विचारा, मग त्याऐवजी काय, आणि ते कुठून आणायचं. उत्तर येत नसेल तर तो सल्ला अर्धवट आहे.

आणि जे एकट्याने सुटत नाही ते एकट्याने सोडवू नका. तीस दिवसांच्याच गोळ्या का, हा प्रश्न एका बाईने विचारला तर तिला “नियम आहे” असं उत्तर मिळतं. ग्रामसभेत चाळीस जणांनी विचारला, ठराव करून लेखी दिला, तर कुणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसा कायद्याखाली येतात, इथे ग्रामसभेला वजन आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मोफत असलेली गोष्ट मिळत नसेल तर ती मागणं म्हणजे भीक नव्हे.

डॉक्टर मित्रांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच: ‘औषधं नीट घेत नाहीत’ लिहायच्या आधी, का घेत नाहीत ते विचारा आणि ते कारण लिहा. अर्धा मिनिट जास्त लागतो. वेळ नसतो हे मला माहीत आहे, माझ्याही दाराबाहेर रांग असते.

त्या बाई यंदा दिवाळीआधीच आल्या, भट्टीवर जाण्यापूर्वी. साखर अजून हवी तिथे नाही, ८ च्या पुढेच आहे. पण या वेळी यादी त्यांनीच करून आणली होती. किती महिन्यांच्या गोळ्या द्याल? दुपारचं जेवण चुकलं तर दुपारची गोळी घ्यायची की सोडायची? आणि शेवटी असा प्रश्न, जो इतक्या वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. भट्टीवरची झोपडी उन्हात तापते, तिथे गोळ्या ठेवल्या तर खराब होतात का?

होतात, मावशी. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, झोपडीत सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीपासून थोडं वर ठेवा. पत्र्याजवळ नको, चुलीजवळ नको. इन्सुलिन असतं तर एक डबा पुरला नसता, मातीचं मडकं आणि ओली वाळू लागली असती. त्याबद्दल पुढच्या लेखात लिहीन.